एक आटा मागे

बसलो की माझा डावा हात काहीतरी शोधत राहतो. खुर्चीचा दांडा, तांब्याचं तोंड, नातवाच्या सायकलची मूठ, जे हाताला लागेल ते. धरायचं, जरा हलवून बघायचं, सैल आहे की घट्ट. घरातले म्हणतात, जरा स्वस्थ बसा. स्वस्थ बसता आलं असतं तर तलासरीच्या नाक्यावर मी दुकान टाकलंच नसतं.

माझा बाप रेल्वेत गँगमन. डहाणू रोडच्या पुढेमागे रूळ ठोकण्यात त्याची उभी नोकरी सरली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि बीएस्सी, तीही फिजिक्स घेऊन, झालेला तर आख्ख्या आळीत पहिला. हे मी मोठेपणा म्हणूनच सांगतोय, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुढे तारापूरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटलो. काम असं, की काचेच्या नळीतला रंग बदलतो का ते बघत बसायचं. 'बसायचं' हीच अडचण होती. रंग बदलायच्या आधी मीच दोनदा बाहेर जाऊन यायचो. वर्षाच्या आत नोकरी सोडली. गाड्यांच्या सजावटीचं दुकान टाकायचं ठरवलं. मग एकदा जेवताना बाप म्हणाला, "बीएस्सी होऊन लोकांच्या गाड्यांना सीटकव्हरं शिवणार?"

"शिवणार नाही," मी म्हणालो, "बसवणार."

त्याला त्यातला फरक पटला नाही. मला अजून पटलेला आहे.

ऐंशीच्या दशकातला तलासरीचा नाका म्हणजे मुंबई-अहमदाबाद हायवेवर ट्रक थांबायची जागा. चहा, टायरपंक्चर, आणि माझ्यासारखी दोन-चार दुकानं. हॉर्न, टेप, स्टिअरिंगची कव्हरं, आरशाला लटकवायची झुंबरं. पण माझा जीव रमला तो गिअरच्या गोळ्यांत. गिअरच्या दांड्याच्या टोकाला जो गोळा असतो, तो. कंपनीचा असतो काळा, ओबडधोबड. ड्रायव्हरचा डावा हात दिवसभर त्याच्यावर, म्हणून तो बदलून घ्यायची हौस मोठी. माझ्याकडे पारदर्शक प्लॅस्टिकचे गोळे होते, आत गुलाब नाहीतर विंचू.

झाई गावचा एक मासळीचा टेम्पोवाला होता. त्याला गुलाब दाखवला.

"मासळीच्या गाडीत गुलाब? पोरं हसतील."

विंचू दाखवला.

"मेलेला दिसतो. उन्हात वास मारेल."

"अरे, प्लॅस्टिकच्या आत आहे तो."

"मग आत खेकडा दे ना. विंचवाशी माझं काय काम?"

येता-जाता, बर्फ वितळत असताना टेम्पो थांबवून तो विचारायचा, खेकडा आला का. शेवटी मी मुंबईचा बाजार पालथा घालून खेकड्याचा गोळा आणला. त्याने तो उजेडात धरला, सगळ्या बाजूंनी फिरवला आणि म्हणाला, "हा आमच्या बाजूचा नाही." आणि गुलाब घेऊन गेला.

हे काम बाहेरच्याला फार सोपं वाटतं. जुना गोळा फिरवून काढायचा, नवा फिरवून बसवायचा. पण दांड्याच्या टोकाला आटे असतात, स्क्रूला असतात तसे, आणि प्रत्येक गाडीचा आटा वेगळा. बारीक आट्यावर जाड आट्याचा गोळा जबरदस्तीने चढवला की आटे मरतात आणि घाटात गोळा हातात येतो. सगळी कला या आट्यात. किती फिरवायचं आणि कुठे थांबायचं. मला स्वतःला कुठे थांबायचं हे कधीच कळलं नाही, पण गोळ्याच्या बाबतीत कळायचं.

माझ्या शेजारी बचूभाईचं गॅरेज होतं. तोही एका जागी टिकत नसे. उठसूट पान्याने कपाळ खाजवत "एक आंटो मारीने आवूं" म्हणायचा आणि नाक्यावर फेरी मारायला जायचा. दुरुस्तीबद्दल त्याचं धोरण एकच: जे नडतं ते काढून टाक. थर्मोस्टॅट नडतो, काढ. सायलेन्सर नडतो, काढ. त्याच्या हातून गेलेल्या गाड्या हलक्या होऊन जात.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. दुपारी दुकानासमोर एक लांबलचक जुनी परदेशी गाडी येऊन थांबली. दार उघडायच्या आधी खिडकीतून आवाज आला, "कोणी तरी चाकाखाली दगड लाव ने."

मी दगड लावला. मग एक पारशी बाई उतरली. सत्तरीची, पांढरा फ्रॉक, पायात कॅनव्हासचे बूट. बोर्डीला चिकूची वाडी असलेली फ्रेनीबाय. नवरा नाही, मूलबाळ नाही, वाडी एकटी चालवायची. माणसं तिला नुसतं 'बाय' म्हणत.

"बाय, गिअरमध्ये टाकून ठेवली असती तर दगड लागला नसता," मी म्हणालो.

"ते जमत असता तर तुझ्याकडे कशाला आली असती?"

गाडी बिनक्लचची, म्हणजे ऑटोमॅटिक होती. तिच्या भावाने इंग्लंडहून पाठवलेली. तोवर अशा गाडीबद्दल मी फक्त ऐकलं होतं. मी आत वाकून बघितलं. दांड्याच्या बाजूला चार इंग्रजी अक्षरं: उभी ठेवायला पी, मागे जायला आर, मोकळी सोडायला एन, पुढे जायला डी. आणि दांड्याच्या मुठीला बाजूने, अंगठ्याखाली, एक बटण. ते दाबल्याशिवाय दांडा पीमध्ये जात नाही, पीमधून निघत नाही, मागच्या गिअरमध्येही पडत नाही. बटण दाबलं की पोकळ दांड्यातली सळई खाली जाते आणि खालची खुंटी खाचेतून सुटते. सोडलं की खुंटी पुन्हा खाचेत, खट. या सगळ्याला आम्ही आमच्या भाषेत नाव दिलं, खटका.

बायने डावा हात पुढे केला. संधिवाताने सांधे सुजलेले, अंगठा तर वाकतच नव्हता. "हा मुवा खटका मला दाबत नाय. म्हणून गाडी पीमध्ये टाकतच नाय. मोकळी ठेवते नि दगड लावते. मागल्या महिन्यात दगड सरकला. गाडी एकटी चालत गेली नि चिकूच्या झाडाला भेटली."

मागचा बंपर चेपलेला होता. तेवढ्यावर भागलं असतं, पण मुंबईहून तिचा भाचा केरसी आलेला. त्याने बंपर पाहिला. आता पुढच्या रविवारी येऊन तो गाडी मुंबईला घेऊन जाणार होता.

"बोलला, मासी, तू रिक्षा कर. वाडीपासून रिक्षा कुठे भेटते? मग बोलेल, एकटी राहतेस कशाला, आमच्याकडे चल. चवथ्या मजल्यावर." तिने गाडीच्या टपावर हात ठेवला. "गाडी गेली ने, की मी पण गेली. समजला? मला असा गोळा दे का अंगठा लागणार नाय."

मला झोंबला तो तिचा 'समजला?'. त्या दिवसापासून मला एक मिनिट चैन पडली नाही.

बचूभाईने बघितलं आणि लगेच निदान केलं. "खुंटी कापी नाख. खटकाच नाही, तर दाबायचं काय?"

दांडा लोण्यासारखा फिरला असता, हे खरं. पण मग पुढे जाणाऱ्या गाडीत कोपर लागला तरी तो मागच्या गिअरमध्ये पडला असता. खटका नडतो म्हणून नसतो, तो नडण्यासाठीच असतो. मी नाही म्हणालो. बचूभाई म्हणाला, "भणेला माणस," म्हणजे शिकलेला माणूस, आणि आंटो मारायला गेला.

मी आधी आतली स्प्रिंग मऊ केली. अंगठ्याला सोपं झालं, पण खुंटी परत वर येईना. मग बटणावर रबराचा मोठा तुकडा चिकटवला. तो बायच्या हातात आला. दुकानात गिऱ्हाईक उभं राही आणि मी कागदावर दांडे काढत बसे. बसे म्हणजे, उभ्याउभ्या काढे. शेवटी एक दिवस दुकान बचूभाईवर टाकून एसटीने बोर्डीला गेलो, नुसतं गाडी पुन्हा बघायला.

बायने ओट्यावर बसवलं. टेबलावर जुनी पितळी घंटी होती, हॉटेलात असते तशी. नोकराला हाक मारायला बायने तिच्यावर तळहात आपटला. टण्ण. चहा आला. बिस्किटांसाठी पुन्हा तळहात, टण्ण.

मी चहा अर्धा सोडून उठलो.

"आता काय झाला?"

"बाय, हात असा आपटताना दुखतो का?"

"हात? हात तर दणकट आहे. फक्त अंगठा मेला."

मग बटण बाजूला कशाला हवं? गोळाच बटण करायचा. तळहाताने वरून दाबला की अख्खा गोळा खाली जाईल आणि सळई ढकलेल. हे सुचलं तेव्हा मला माझ्या फिजिक्सचा अभिमान वाटला. त्यात फिजिक्स कमी आणि घंटी जास्त होती, पण वाटला.

लाकूड बायने दिलं, वाडीतल्या वाळलेल्या चिकूच्या फांदीचं. "मुंबईचा प्लॅस्टिक माझ्या गाडीत नाय पाहिजे." मी ते डहाणूला लक्ष्मण सुताराकडे नेलं. तो पाळणे करायचा. पाळण्याचे लाकडी लट्टू कातून उतरवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"कुणाचं बाळ?" त्याने लाकूड हातात घेत विचारलं.

"सत्तरीचं आहे."

त्याने वर बघितलं आणि लट्टू उतरवायला घेतला. खाली मी पितळी नळी केली, तिच्या आत आटे पाडून घेतले. नळी दांड्यावर फिरवून बसवायची, गोळ्याचा देठ नळीत वरखाली होणार. आता सगळं त्या आट्यावर होतं. नळी कमी फिरवली तर गोळा सळईपर्यंत पोचणार नाही. जास्त फिरवली तर गोळा सळईला कायमच दाबून धरणार, म्हणजे खटका मेला, बचूभाईने कापल्यासारखाच. म्हणून घट्ट होईपर्यंत फिरवायचं आणि मग एक आटा मागे घ्यायचा. बस.

पण बायने वेगळंच काढलं. "मी लावणार," ती म्हणाली. "केरसीच्या समोर. उद्या तो ढिला झाला तर तू काय माझ्या गाडीत राहायला येणार?"

तिला आधी एकदा हाताखाली शिकवावं असं माझ्या मनात होतं. पण लाकडाचं पॉलिश वाळायला वेळ गेला आणि गोळा माझ्या हातात आला तोच शनिवारी. रविवारी सकाळी बोर्डीला पोचलो तर केरसी आधीच ओट्यावर. चाळिशीचा, इस्त्रीची पँट, पायात चकचकीत बूट. सकाळच्या आगगाडीने घोलवडला उतरून आलेला.

"हा कोण?" त्याने विचारलं.

"माझा इंजिनिअर," बाय म्हणाली.

"बीएस्सी," मी म्हणालो. जे आहे ते आहे.

"मिस्त्री," केरसी म्हणाला, "काय करायचं ते पटकन कर. ऊन चढायच्या आधी मला गाडी काढायची आहे. मासी, चावी?"

"गाडीला लागली आहे. पण आधी मी बसणार."

अंगण मोठं, फाटकाकडे उताराचं. मधोमध विहीर, एका अंगाला चिकूच्या पेट्यांची रास. गाडी विहिरीच्या अलीकडे उभी, पाठ फाटकाकडे, चाकाखाली दगड. बाय ड्रायव्हरच्या जागेवर बसली. मी खिडकीपाशी उभा. केरसी ओट्यावरून परीक्षकासारखा बघत होता, हातात पेन्सिल नव्हती एवढंच.

बायने मुठीचे स्क्रू सोडवले. "स्प्रिंगवर हात ठेवा बाय, उडेल." तिने हात ठेवला. मूठ निघाली. गोळ्यासकट नळी तिने दोन्ही तळहातांत धरून फिरवली, लोणच्याच्या बरणीचं झाकण लावावं तशी. घट्ट झाली. तिने अजून फिरवली. बरणीला मुंगी लागू नये असं बसवायची सवय, ती तिथे आली. मी म्हणालो, "पुरे बाय. आता एक आटा मागे घ्या."

तिने माझ्याकडे बघितलं. "मागे?"

"हो, मागे. एकच."

"आत्ता? केरसीच्या समोर?"

"आत्ताच घ्यायला पाहिजे. नाहीतर खटका लागणार नाही."

"तू बोलतो तर," ती म्हणाली, "दगड काढ."

दगड कशाला ते मला कळलं नाही, पण काढला. तिने इंजिन चालू केलं. मला वाटलं, इंजिनाच्या थरथरीत नळी सैल होते का ते बघतेय. तिने दांड्याला हात लावला, दांडा लोण्यासारखा सरकला, आणि गाडी मागे निघाली.

मागे म्हणजे सरळ मागे नाही. बायने उजव्या हाताने स्टिअरिंग फिरवलं, डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला, मान वळवली, आणि गाडी उलटी विहिरीभोवती फिरायला लागली. चिकूच्या पेट्या वीतभर अंतरावरून गेल्या. केरसीचे चकचकीत बूट ओट्यावरच्या खाटेवर चढले. मी गाडीच्या बाजूने पळत होतो.

"बाय, आटा, आटा."

"घेते ने, घेते. बोंबलतो कशाला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुजरातीत आंटो म्हणजे फेरी. बचूभाई रोज माझ्या तोंडावर तोच मारून येत होता. मी स्क्रूचा आटा मागे घ्यायला सांगत होतो आणि बाय माझ्या सांगण्यावरून विहिरीला उलटी फेरी घालत होती.

फेरी पुरी झाली. गाडी जिथून निघाली तिथेच, चाकाच्या खुणेवर, येऊन थांबली. बायने दांडा पीकडे सरकवला. केरसी खाटेवरून उतरला. त्याचा चेहरा वेगळाच झालेला.

"मासी, रिव्हर्समध्ये एवढं तर मला पण नाही जमत," तो म्हणाला आणि गाडीच्या मागे गेला, चेपलेल्या बंपरपाशी.

मी जागच्या जागी थिजलो. दांडा पीवर दिसत होता, पण 'खट' वाजलं नव्हतं. नळी जास्त फिरलेली, खटका मेलेला, अंगण उताराचं, दगड माझ्या हातात आणि केरसी गाडीच्या मागे. बोललो तर तो म्हणणार, बघ, झालंच, दे चावी. न बोलून तर चालणारच नव्हतं. मी तोंड उघडलं.

"केरसी, तिथून बाजूला हो," माझ्या आधी बाय बोलली. तिचा पाय ब्रेकवर तसाच दाबलेला होता. "खट नाय वाजला."

केरसी बाजूला झाला. बायने माझ्याकडे बघितलं. "बीएस्सी, काय राहिला?"

"आटा, बाय. स्क्रूचा आटा. गाडीचा आंटो नव्हता सांगितला."

ती हसायला लागली आणि हसताना पाय मात्र ब्रेकवरून हलला नाही. "मुवा, आधी बोलायला काय झाला? म्हातारीला विहिरीभोवती उलटी फिरवली."

तिने गोळ्याखालची नळी दोन्ही तळहातांत धरली आणि एक आटा मागे घेतला. मग घंटी आपटावी तसा वरून तळहात दिला, दांडा पुढेमागे करून पुन्हा पीमध्ये टाकला.

खट.

तो आवाज अंगणात सगळ्यांनी ऐकला. बायने ब्रेकवरून पाय काढला. गाडी हलली नाही. मी तरी दगड घेऊन उभाच.

केरसी माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तू नसशील तेव्हा बिघडलं तर?"

"त्याने कुठे लावला?" बाय म्हणाली. "मी लावला ने. बिघडला तर मला कळते. तुला कळला होता?"

केरसी वाईट माणूस नव्हता हेही सांगायला हवं. मावशी एकटी राहते, फोन लागत नाही, गाडी झाडाला धडकते, तर मुंबईत बसलेल्या माणसाला झोप कशी यावी. तो गाडीभोवती एकदा फिरला, चालत, पुढच्या बाजूने. मग म्हणाला, "घोलवडहून मुंबईची गाडी कितीला आहे?"

आगगाडीने परत जायचा विचार त्याने केलाच नव्हता. तो गाडी चालवत जाणार होता.

"बस," बाय म्हणाली. "सोडते."

मीही मागे बसलो. बोर्डी ते घोलवड रस्ता तो केवढा, पण मी सगळा वेळ पायाने नसलेला ब्रेक दाबत होतो. पुढे केरसीचाही पाय दाबलेला दिसत होता. बाय एकटीच निवांत होती. सुरूच्या सावलीतून गाडी चालली होती, आणि तिचा डावा तळहात चिकूच्या लाकडावर असा पडला होता की बघणाऱ्याला वाटावं, तो गोळा कंपनीनेच दिलेला आहे.

त्यानंतर असा गोळा मी पुन्हा कधी केला नाही. कोणी मागितलाच नाही. पुढे गाड्या बदलल्या, गोळे कंपनीच इतके पक्के बसवायला लागली की काढायला आटेच उरले नाहीत. हायवेवरच्या ट्रकांच्या खिडक्यांतून कोणी हाक मारून खेकडा आला का विचारत नाही. कारखान्यात टिकलो असतो तर पेन्शन असती, हे बाप शेवटपर्यंत म्हणत राहिला, आणि महिन्याच्या एक तारखेला मलाही पटतं. पण त्या नळीतल्या रंगांपैकी एकही मला आठवत नाही.

त्या रविवारी स्टेशनसमोर बायने गाडी थांबवली, तळहात दिला, खट. केरसी उतरला. दोन पावलं जाऊन परत आला आणि खिडकीत वाकून म्हणाला, "मासी, तरी एक दगड डिकीत असू दे."

"आहे, आहे," ती म्हणाली. "बीएस्सीच्या मांडीवर आहे."

खरंच होता. मी तो बोर्डीपासून धरून बसलो होतो. केरसी पहिल्यांदा हसला आणि जिना चढून गेला.

मी पुढच्या सीटवर येऊन बसलो. दुकान उघडायचं होतं, गिऱ्हाईक खोळंबलं असणार, बचूभाईने कोणाच्या गाडीतलं काय काढून टाकलं असेल याचा नेम नव्हता. पण उठावंसं वाटेना, आणि बसवतही नव्हतं. बायने ते ओळखलं असावं. तिने दांड्यावर हात ठेवला.

"एक आंटो मारायचा? झाईपर्यंत?"

"चालेल, बाय," मी म्हणालो. "पण या वेळी पुढे."